मुंबईचं गोल्फ : पदकवाले आणि सळईवाले

आमच्या सावद्यात केळीचे मळे चिक्कार, गोल्फचं मैदान एकही नाही. तरी आज गप्पा गोल्फच्याच.

मुंबईत १८४२ साली साहेब लोकांनी हौशी खेळाडूंची गोल्फ सोसायटी काढली. हौस एवढी, की स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूजला, म्हणजे गोल्फच्या पंढरीला, त्यांनी मुंबईहून चांदीचं पदक धाडलं. उलटी गंगाच की! ‘बॉम्बे सिल्व्हर मेडल’ म्हणून ते तिथल्या स्पर्धेत दिलं जाऊ लागलं.

आता चला चेंबूरला. इथला बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब १९२७ चा. शेजारच्या वस्तीतली पोरं तिथे कॅडी, म्हणजे दुसऱ्यांच्या काठ्यांची बॅग वाहणारी. बघून बघून खेळ अंगात भिनला, पण महागड्या काठ्या आणायच्या कुठून? मग त्यांनी बांधकामाची लोखंडी सळई वाकवली, प्लास्टिकचा बॉल घेतला आणि गल्लीतच गोल्फ सुरू केलं. क्लबात अडथळे म्हणजे वाळू नि तळं; गल्लीत गटार, पत्रे आणि वाळत घातलेले कपडे. तिथे फटका मारताना सगळे चिडीचूप. इथे कुकरची शिट्टी कोण थांबवणार?

हसू येतं, पण मला एक गोष्ट खटकते. पदकवाल्यांची नोंद क्लबाच्या दप्तरात राहते. गल्लीतला खेळ मात्र कुणी सांगितला तरच उरतो. आणि खरे हौशी कोण, तुम्हीच सांगा! ना मैदान, ना काठी, तरी खेळले तेच ना?

तुमच्या गावातही असा जुगाडू खेळ असेल, तर आजच आजोबांना विचारा आणि मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवा.