जुनी मोटारसायकल आणि घरगुती दुरुस्ती : हौस जपा, हातही जपा

महाल असो की धरमपेठ, नागपूरच्या जुन्या वस्त्यांतील एखाद्या अंगणात ताडपत्रीखाली झाकलेली मोटारसायकल हमखास दृष्टीस पडते. ती बहुधा वडिलांची असते. दसऱ्याला तिला झेंडूचा हार पडतो आणि उरलेले वर्ष ती घरातल्या मुलाच्या उत्साहाची वाट पाहत उभी असते. मद्रासला १९५५ मध्ये जुळणी सुरू झालेली बुलेट, म्हैसूरची येझदी, यामाहाची आरएक्स १०० या गाड्यांना आज पुन्हा हौशी मालक लाभले आहेत. येझदी व आरएक्स १०० यांचे मूळ उत्पादन १९९६ मध्ये थांबले. त्यांची नस जाणणारे मिस्त्रीही आता मोजकेच उरले आहेत. साहजिकच रविवारी सकाळी घरीच पाने-पेचकस बाहेर निघतात. यात आनंद मोठा आहे. मात्र नेहमीच्या चुका आधी ठाऊक असाव्यात.

पाना आणि आटे

जुन्या बुलेटचे अनेक नटबोल्ट इंग्रजी मापाचे आहेत. त्यांना मिलिमीटरचा पाना लावला की तो निसटतो, नटाचे कोपरे झिजतात आणि बोटांची सालटी निघतात. ऑइल बदलताना ड्रेन प्लग अंगातला सगळा जोर लावून आवळणे ही दुसरी चूक. ॲल्युमिनियमच्या केसिंगमधील आटे एकदा गेले की दोनशे रुपयांच्या कामासाठी संपूर्ण इंजिन उघडण्याची पाळी येऊ शकते. प्लग आधी हाताने फिरवावा, सहज फिरला तरच पाना लावावा.

बुलेटचा पॉइंट किंवा टायमिंग चुकले असेल तर किक उलटी मारते. पायात चप्पल असेल तर घोटा दुखावतो, क्वचित हाडही मोडते. म्हणून किक मारताना पायात बूट हवेत.

चेन आणि बोटे

घरगुती दुरुस्तीतील सर्वांत भीषण अपघात चेनचा. गाडी मेन स्टँडवर, इंजिन सुरू, गिअर टाकलेला आणि फिरत्या चेनवर फडके धरलेले. हे दृश्य अनेकांनी पाहिले असेल. फडके चेन आणि स्प्रॉकेटच्या मध्ये ओढले जाते आणि त्यासोबत बोटेही जातात. हात मागे घेण्याइतका अवधी मिळत नाही. चेन पुसायची ती इंजिन बंद करून, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून आणि चाक हाताने फिरवूनच. लहान मुलांना त्या वेळी जवळ येऊ देऊ नये; फिरत्या चाकाचे त्यांना विलक्षण आकर्षण असते.

पेट्रोल, कूलर आणि ठिणगी

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरते आणि डोळ्यांना दिसत नाही. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा ही वाफ झपाट्याने तयार होते. आणि नेमका त्याच वेळी अंगणाकडच्या खिडकीत कूलर सुरू असतो. त्याच्या मोटारीची किंवा बटणाची एक ठिणगी पुरेशी ठरते. कार्ब्युरेटर उघडण्याचे काम मोकळ्या हवेत, कूलर, इन्व्हर्टर व देवघरातील दिव्यापासून दूर करावे. गळकी टाकी घरी वेल्डिंग करणे तर आत्मघातच होय. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा अधिक धोकादायक, कारण तिच्यात वाफ आणि हवा दोन्ही असतात.

२०२५ पासून देशभर २० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोल मिळते. जुन्या रबरी नळ्या व वॉशर त्याने फुगतात, चिरतात. त्या आधीच बदललेल्या बऱ्या.

बंद खोलीत इंजिन सुरू ठेवू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

सजावटीतले धोके

आखूड हँडल बसवले आणि केबल नीट वळवली नाही, तर हँडल वळवताच ॲक्सिलरेटरची केबल ताणली जाते आणि गाडी आपोआप वेग घेते. जादा वॅटचा दिवा जुन्या वायरवर जोडला की वायर तापते; तेथे रिले व फ्यूज हवाच. आरएक्स १०० चा ऑइल पंप काढून पुन्हा बसवताना नळीत हवा राहिली, तर तेल पोहोचत नाही, पिस्टन जाम होतो आणि धावत्या गाडीचे मागचे चाक एकाएकी अडते. अशा क्षणी क्लच दाबणे एवढाच उपाय हाती असतो.

सर्वांत दुर्लक्षित वस्तू म्हणजे साडी गार्ड. गाडी सडपातळ दिसावी म्हणून तो काढला जातो. मागे बसलेल्या आईचा पदर किंवा बहिणीची ओढणी चाकात अडकली तर काय होईल, याचा विचार नंतर येतो. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मागच्या चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारे हे संरक्षण सक्तीचे आहे.

कायदा काय सांगतो

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ वाहनाच्या मूळ रचनेत परस्पर बदल करण्यास मनाई करते. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनुसार अशा प्रत्येक बदलास पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. नोंदणीची मुदत १५ वर्षे असून पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. त्या वेळी गाडीची तपासणी होते आणि कर्णकर्कश सायलेन्सर किंवा न नोंदवलेले इंजिन अडचणीत आणते. इंजिन बदलण्यापूर्वी आरटीओची परवानगी घ्यावी, रंग बदलल्यास नोंद करून घ्यावी.

अपघात झालाच तर

भाजलेल्या भागावर २० मिनिटे वाहते साधे पाणी सोडावे. टूथपेस्ट किंवा हळद लावू नये. पेट्रोलच्या आगीवर पाणी न ओतता वाळू टाकावी. बोट तुटल्यास ते स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घालावे आणि ती पिशवी बर्फावर ठेवावी. बोट थेट बर्फात ठेवू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवून वेळ न दवडता रुग्णालय गाठावे.

दुरुस्तीनंतरची पहिली फेरी नेहमी गल्लीतच, संथ वेगात आणि हेल्मेट घालून मारावी. दोन्ही ब्रेक लागतात, हँडल दोन्हीकडे मोकळे वळते आणि ॲक्सिलरेटर सोडताच परत येतो, एवढे पाहिल्याशिवाय घरातील कुणालाही मागे बसवू नये. वडिलांची गाडी पुन्हा रस्त्यावर आली याचे समाधान मोठे असते. ते दहाही बोटांनिशी उपभोगावे.