मोठ्या शस्त्रक्रियेनंतर घरी जाण्याची तयारी

मोठ्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णालयातील देखरेखीशिवाय सुरक्षितपणे राहता येईल अशी रुग्णाची शारीरिक, मानसिक आणि कौटुंबिक स्थिती म्हणजे घरी जाण्याची तयारी होय. हृदयाची बायपास शस्त्रक्रिया, आतड्याचा भाग काढणे, खुब्याचे किंवा गुडघ्याचे सांधेरोपण अशा शस्त्रक्रियांनंतर डिस्चार्जचा निर्णय घेताना तिचा विचार केला जातो. वैद्यकीयदृष्ट्या रुग्णाला घरी सोडता येणे आणि घरी राहण्यास रुग्ण स्वतः तयार असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. त्या नेहमी एकाच दिवशी घडत नाहीत.

पार्श्वभूमी

पूर्वी मोठ्या शस्त्रक्रियेनंतर दीर्घ विश्रांती देण्याची आणि टाके निघेपर्यंत रुग्णालयात ठेवण्याची पद्धत होती. १९९० च्या दशकात डेन्मार्कचे शल्यविशारद हेन्रिक केलेट यांनी वेदनांचे बहुविध उपायांनी नियंत्रण, लवकर तोंडावाटे आहार आणि लवकर चालणे यांवर आधारित जलद पुनर्प्राप्तीची पद्धत मांडली. या पद्धतीला पुढे 'इरास' या नावाने ओळख मिळाली. तिच्यामुळे रुग्णालयातील मुक्काम कमी झाला; मात्र बरे होण्याचा बराचसा काळ घरी जाऊ लागल्याने रुग्ण व कुटुंबीयांवरील जबाबदारी वाढली.

वैद्यकीय निकष

२०१२ मध्ये मोठ्या आतड्याच्या शस्त्रक्रियांसंबंधी आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या सहमतीने निकष प्रसिद्ध झाले. ते पुढीलप्रमाणे आहेत:

* तोंडावाटे अन्न व द्रव पदार्थ घेता येणे
* पचनमार्गाच्या खालच्या भागाचे कार्य पूर्ववत सुरू होणे
* तोंडावाटे घ्यावयाच्या औषधांनी वेदना आटोक्यात राहणे
* चालता येणे व स्वतःची दैनंदिन कामे करता येणे
* गुंतागुंतीची किंवा उपचार न झालेल्या अन्य आजाराची लक्षणे नसणे

शस्त्रक्रियेनुसार निकष बदलतात. सांधेरोपणानंतर आधार घेऊन चालणे आणि घरी जिने असल्यास ते चढता-उतरता येणे तपासले जाते. बायपासनंतर हृदयाची लय, रक्तदाब आणि छातीच्या जखमेची स्थिती पाहिली जाते.

रुग्णाची स्वतःची तयारी

अमेरिकेतील परिचर्याशास्त्राच्या संशोधक मेरियन वाइस व त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णाची तयारी मोजण्यासाठी एक प्रश्नावली विकसित केली. तिच्यासंबंधीचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. तीत रुग्णाची सद्यःस्थिती, आवश्यक माहिती, घरी निभावून नेण्याची क्षमता आणि अपेक्षित आधार असे चार घटक असून प्रत्येक प्रश्नाला ० ते १० या श्रेणीत उत्तर द्यायचे असते. एकट्या राहणाऱ्या रुग्णाचे सर्व वैद्यकीय निकष पूर्ण झाले, तरी चौथ्या घटकात तो मागे असू शकतो.

रुग्णाला समजले आहे का, हे पाहण्यासाठी दिलेल्या सूचना त्याच्याकडून त्याच्या शब्दांत वदवून घेतल्या जातात. नुसते 'समजले का?' असे विचारल्यास संकोचाने होकार मिळण्याची शक्यता असते.

घरी जाताना द्यावयाची माहिती

डिस्चार्ज कार्डावर निदान, झालेली शस्त्रक्रिया, औषधे, पथ्य, जखमेची काळजी आणि पुन्हा तपासणीची तारीख नोंदवलेली असते. महाराष्ट्रात हे कार्ड बहुधा इंग्रजीत असल्याने मराठीतून तोंडी सूचना देणे महत्त्वाचे ठरते. ताप, जखमेतून पू किंवा रक्त येणे, सतत उलट्या, पोट फुगणे, एका पायाची पोटरी सुजून दुखणे, धाप लागणे व छातीत दुखणे ही धोक्याची लक्षणे आहेत. आतड्याच्या जोडातून होणारी गळती काही वेळा घरी गेल्यानंतर उघडकीस येते. त्यामुळे ही लक्षणे रुग्णासह घरातील किमान एका व्यक्तीला ठाऊक असणे आवश्यक असते. रुग्णालय दूर असल्यास तातडीच्या वेळी कोठे जायचे, हेही आधीच ठरवावे लागते.

अकाली व विलंबित डिस्चार्ज

तयारी नसताना घरी पाठवल्यास गुंतागुंत उशिरा लक्षात येण्याचा व पुन्हा दाखल व्हावे लागण्याचा धोका असतो. अमेरिकेच्या मेडिकेअर योजनेत २०१२ पासून ३० दिवसांतील पुनर्भरतीचे प्रमाण अपेक्षेपेक्षा अधिक असलेल्या रुग्णालयांच्या देयकात कपात केली जाते. सांधेरोपण आणि बायपास यांचा समावेश त्यात नंतर झाला. उलट, अनावश्यक मुक्कामामुळे रुग्णालयातील जंतुसंसर्ग, स्नायूंची दुर्बलता आणि खर्च वाढतो.

भारतात पैशांअभावी किंवा घरच्या अडचणींमुळे काही रुग्ण वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध घरी जातात. अशा वेळी लेखी नोंद घेतली जाते. परंतु औषधे व धोक्याची लक्षणे समजावून सांगण्याची गरज त्यामुळे संपत नाही.