फेजवाल्यांचं ऑलिम्पिया

पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर वॉशिंग्टन नावाचं राज्य आहे. (व्हाइट हाऊसवालं वॉशिंग्टन वेगळं, ते पार दुसऱ्या टोकाला.) या राज्याची राजधानी ऑलिम्पिया, आपल्या एखाद्या मध्यम जिल्ह्याच्या गावाएवढी. तिथं एव्हरग्रीन स्टेट कॉलेज हे सरकारी कॉलेज १९७१ ला सुरू झालं. इथं मुलांना मार्क नाहीत, ग्रेड नाहीत. मास्तर प्रत्येकाबद्दल लेखी अभिप्राय देतात, बस्स. मोठ्या संशोधनासाठी असलं कॉलेज कुणाच्या डोक्यातही येणार नाही. पण १९७५ पासून एक वर्षाआड फेजवर काम करणारी माणसं इथंच जमत आली. २०१९ ला तेविसावी परिषद झाली.

फेज, म्हणजे बॅक्टेरियोफेज, हा जिवाणूंना मारणारा विषाणू. जिवाणूवर बसतो, आपली जनुकं आत सोडतो, आत त्याची पिल्लावळ वाढते आणि जिवाणू फुटतो. माणसाच्या पेशींच्या वाटेला तो जात नाही. गटारात, शेणात, नदीत, आपल्या आतड्यात, सगळीकडे असतो.

याचा एक धागा आपल्याकडेही येतो. १८९६ साली आग्र्यात अर्नेस्ट हँकिन या इंग्रज शास्त्रज्ञाने लिहून ठेवलं की गंगा-यमुनेच्या पाण्यात कॉलऱ्याचे जंतू मरतात, पण पाणी उकळलं की तो गुण जातो. गंगाजलाचे जे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज फिरतात ना, त्यांचं मूळ हे. हँकिनला फेज माहीत नव्हता. तो फेजच असावा हा नंतरच्यांचा अंदाज. फेजचा शोध लागला १९१५ आणि १९१७ मध्ये, आधी ट्वॉर्ट आणि मग देरेल यांच्याकडून. याच देरेलने १९२७ मध्ये भारतात येऊन कॉलऱ्याच्या रुग्णांना फेज देऊन पाहिले. पुढं युरोप-अमेरिकेत कंपन्यांनी फेजची औषधं काढली. त्यातली बरीच सुमार दर्जाची होती. मग पेनिसिलीन आलं आणि पश्चिमेत विषय संपला.

म्हणजे औषध म्हणून संपला. प्रयोगशाळेत उलट फेजचे सुगीचे दिवस आले. मॅक्स डेलब्रुक या भौतिकशास्त्रज्ञाने १९४४ मध्ये सहकाऱ्यांना गळ घातली, की प्रत्येकाने वेगळा फेज धरला तर कुणाचं काम कुणाशी ताडून बघता येणार नाही, सगळ्यांनी टी-१ ते टी-७ या सातांवरच काम करू. १९४५ पासून कोल्ड स्प्रिंग हार्बरला तो उन्हाळी वर्ग घ्यायला लागला. जनुकं डीएनएची असतात हे हर्शे आणि चेस यांनी १९५२ मध्ये टी-२ वरच दाखवलं. डेलब्रुक, लुरिया आणि हर्शे यांना १९६९ चं नोबेल मिळालं.

आणि नोबेल मिळेपर्यंत मांडव उठायला लागला होता. फेजमधून मिळायचं ते मिळालं, असं म्हणत मोठी नावं दुसरीकडे वळली. टी-४ वर जनुकाचा बारीक नकाशा काढणारा बेन्झर फळमाशीकडे गेला, ब्रेनर एका बारक्या जंताकडे. निधीही त्याच वाटेने गेला. विज्ञानातही फॅशन असते, आपल्या राजकारणातल्यासारखीच.

नेमक्या त्या पडत्या काळात एव्हरग्रीनच्या एलिझाबेथ कटर बाईंनी परिषद सुरू केली. त्या टी-४ वाल्या, त्यामुळे सुरुवातीला भर टी-४ वरच. मला यात कौतुक वाटतं ते चिवटपणाचं. आपल्याकडच्या परिषदा मी वीस वर्षं कव्हर करतोय. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, मंत्र्यांना उशीर, दुपारी जेवण आणि चारला मंडप रिकामा. पुढच्या वर्षी विषय नवा, बॅनर नवा. इथं तोच विषय चाळीस वर्षांच्या वर चालला, आणि त्यातली निम्मी वर्षं बाहेर कुणाला त्यात रस नव्हता. त्याचं फळ कागदावर आहे. टी-४ चा संपूर्ण जनुकीय आराखडा, १,६८,९०३ अक्षरांचा, सविस्तर अर्थ लावून २००३ मध्ये छापला गेला. लेखकांत कटर बाई आहेत.

१९९० मध्ये बाई देवाणघेवाणीच्या कार्यक्रमातून सोव्हिएत संघात गेल्या आणि जॉर्जियातल्या तिबिलिसीला पोचल्या. तिथं जॉर्ज इलियावाने १९२३ मध्ये स्थापन केलेली संस्था होती. देरेल तिथं येऊन राहिला होता. इलियावाला १९३७ मध्ये स्टालिनच्या राजवटीने गोळ्या घातल्या, पण संस्था चालू राहिली, आणि तिथले डॉक्टर जखमांवर, जुलाबांवर सर्रास फेज वापरत होते. जे पश्चिमेने मोडीत काढलं ते इथं रोजच्या वापरात. लगेच सोव्हिएत संघ कोसळला, जॉर्जियात यादवी माजली, वीज जायला लागली, फ्रीजमधले नमुने धोक्यात आले. कटर बाई परतल्या त्या उपचाराचा विषय घेऊनच. टी-४ च्या परिषदेत आता रुग्णही आला. जॉर्जियातून आलेले सुलाक्वेलिद्झे आणि बाई यांनी मिळून संपादित केलेला फेजवरचा जाडजूड ग्रंथ २००५ मध्ये निघाला.

हे सगळं आज का लिहितोय? २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसं थेट औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे गेली. २०१६ मध्ये सॅन दिएगोत टॉम पॅटरसन नावाचे प्राध्यापक असेच मरणाच्या दारात होते. इजिप्तच्या सहलीत लागण झालेली, एकही अँटिबायोटिक चालेना. त्यांची बायको स्टेफनी स्ट्रॅथडी साथरोगतज्ज्ञ. तिने फेजवाल्यांना ईमेल पाठवले. टेक्सासच्या विद्यापीठाने आणि अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेने फेज दिले, शिरेतून सोडले, माणूस वाचला. फेजवरच टिकून राहिलेली माणसं होती, म्हणून त्या ईमेलना उत्तरं आली. कुणी सांडपाणी गाळत होतं, कुणी मेंढीच्या आतड्यातले फेज तपासत होतं. ते शेवटचं काम एव्हरग्रीनमध्येच झालंय, पदवीची पोरं हाताशी घेऊन.

आपल्याकडचे काही रुग्ण आता या उपचारासाठी तिबिलिसीला जातात. ज्यांना तो खर्च झेपत नाही, ते इथल्याच आयसीयूत तिसरं, चौथं अँटिबायोटिक बदलून बघत असतात.