समुद्र विकणारं गाव

लंडनच्या व्हिक्टोरिया स्टेशनातून ब्रायटनची गाडी धरली की तासाभरात समुद्र. उन्हाळ्यातल्या शनिवारी या गाडीला ही गर्दी असते. पण तिच्यात पोहायला निघालेले थोडेच. बहुतेकांच्या मनात असतात गल्लीबोळांतली दुकानं, राजवाडा, धक्क्यावरचे पाळणे आणि कागदात गुंडाळलेले मासे-चिप्स. किनाऱ्यावर वाळूसुद्धा नाही, नुसते गोटे. मालवण-गुहागरच्या माणसाला त्या समुद्राचं कौतुक वाटणं अवघडच. तरीही पावणेतीनशे वर्षं लोक इथे येताहेत, खिसा हलका करून परत जाताहेत.

मुळात हे कोळ्यांचं गाव. नाव ब्राइटहेल्मस्टन. सोळाव्या शतकात फ्रेंचांनी ते जाळलं, तर 1703 आणि 1705 च्या वादळांनी कड्याखालची वस्ती धुऊन नेली. अठराव्या शतकाच्या मध्यावर हे गाव पार डबघाईला आलेलं होतं.

त्याला हात दिला तो एका डॉक्टरने. जवळच्या लुईस गावच्या रिचर्ड रसेल यांनी समुद्राच्या पाण्याचे औषधी गुण सांगणारा प्रबंध 1750 मध्ये लॅटिनमध्ये छापला. हे पाणी नुसतं अंगावर घ्यायचं नव्हतं, प्यायचंही होतं. ग्रंथींच्या रोगांवर तो उतारा होता म्हणे. त्याने किती रोगी बरे झाले हा भाग वेगळा. गाव मात्र खडखडीत बरं झालं. पैसेवाले रोगी येऊ लागले, त्यांच्यासाठी भाड्याच्या खोल्या निघाल्या, चाकांवरच्या स्नानगाड्या पाण्यात ढकलल्या जाऊ लागल्या. बायकांना धरून लाटेत बुचकळून काढणाऱ्या दणकट बाया हा एक नवाच धंदा झाला. त्यातली मार्था गन इतकी प्रसिद्ध होती की तिची चित्रं विकली जात. कोळी जिथे जाळी वाळवायचे त्या स्टाइन मैदानावर आता रेशमी झग्यांची फेरी सुरू झाली. मैदानाच्या कडेला वाचनालयं होती. तिथे पुस्तकं तर मिळतच, शिवाय शोभेच्या वस्तू आणि सोडतीची तिकिटंही. औषधासाठी आलेला माणूस खरेदी करून जातो, हे ब्रायटनच्या दुकानदारांनी फार लवकर ओळखलं.

1783 मध्ये युवराज जॉर्ज इथे पहिल्यांदा आला. वय एकवीस, हात उधळा, वडिलांच्या शिस्तीला कंटाळलेला. त्याने आधी साधंसं घर घेतलं, ते वाढवलं, आणि 1815 ते 1822 या काळात जॉन नॅश या वास्तुविशारदाकडून त्याचा आजचा रॉयल पॅव्हिलियन करून घेतला. बाहेरून कांद्यासारखे घुमट, मिनार, जाळ्या; आत चिनी ड्रॅगन. यातली गंमत अशी की हिंदुस्थान ना युवराजाने पाहिला होता, ना नॅशने. थॉमस आणि विल्यम डॅनियल या चुलत्या-पुतण्यांनी छापलेली हिंदुस्थानची चित्रं त्यांच्या कामी आली. दरबार आला तसे शिंपी, टोपीवाले, सोनार, कापडवालेही आले. 1808 मध्ये नॉर्थ स्ट्रीटवर उघडलेलं हॅनिंग्टन्स हे दुकान वाढत वाढत मोठं बहुविभागी भांडार झालं आणि 2001 पर्यंत चाललं.

या बाजारात खरा हिंदुस्थानी माणूसही दुकान मांडून बसला होता. शेख दीन महमद मूळ पाटण्याचा. कंपनी सरकारच्या बंगालच्या फौजेत वाढलेला हा माणूस पुढे आयर्लंडला गेला, 1794 मध्ये इंग्रजीत पुस्तक लिहून मोकळा झाला, आणि 1810 मध्ये त्याने लंडनला हिंदुस्थानी खाणावळ काढली. ती बुडाली. मग ब्रायटनला येऊन त्याने समुद्रकाठी वाफेची न्हाणीघरं आणि चंपी-मालिश सुरू केली. बऱ्या झालेल्या रोग्यांनी टाकून दिलेल्या कुबड्या तो तिथे मांडून ठेवी; यापेक्षा सरस जाहिरात कुठली? चौथा जॉर्ज (म्हणजे तोच युवराज) आणि चौथा विल्यम अशा दोन राजांनी त्याला आपल्या पदरी नेमलं. 1851 मध्ये तो वारला. मार्था गन आणि तो, दोघंही सेंट निकोलस चर्चच्या आवारात पुरलेले आहेत.

21 सप्टेंबर 1841 ला लंडनहून थेट रेल्वे आली आणि गिऱ्हाईक बदललं. घोडागाडीचा कितीतरी तासांचा प्रवास दोन तासांवर आला, स्वस्त सहलींच्या गाड्या सुटू लागल्या. कारकून, कारागीर, मोलकरणी सकाळी यायच्या, संध्याकाळी परतायच्या. राणी व्हिक्टोरियाला ही गर्दी सोसवेना; 1845 नंतर ती पॅव्हिलियनमध्ये फिरकली नाही. 1850 मध्ये गावानेच तो राजवाडा विकत घेतला. दुसऱ्या कुणी घेतला असता तर बहुधा पाडला असता. ब्रायटनकरांनी तिकीट लावलं. पुढे 1883 मध्ये व्होल्क नावाच्या तंत्रज्ञाने किनाऱ्यावर विजेची छोटी रेल्वे सुरू केली, ती आजही चालते. 1899 मध्ये पॅलेस पिअर खुला झाला.

पर्यटक आज ज्या ‘लेन्स’मध्ये हिऱ्याच्या अंगठ्या आणि जुन्या वस्तू पाहत हिंडतो, ते त्या जुन्या कोळी गावाचेच अरुंद बोळ. शेजारच्या नॉर्थ लेन भागात जुने कपडे, रेकॉर्ड, चित्रविचित्र दागिने मिळतात. तिथेच 1976 मध्ये अनिता रॉडिक यांनी ‘बॉडी शॉप’चं पहिलं दुकान उघडलं.

पॅव्हिलियनच्या इतिहासातलं एक पान मात्र दुकानदारीत बसत नाही. डिसेंबर 1914 पासून सुमारे वर्षभर फ्रान्सच्या आघाडीवर जखमी झालेल्या हिंदी सैनिकांचं रुग्णालय तिथे होतं. झुंबरांखाली खाटा लागल्या. जातिधर्म सांभाळायला नऊ स्वयंपाकघरं होती, हिंदू-मुसलमानांच्या पाण्याचे नळ वेगळे. राजाने आपला महाल सैनिकांसाठी मोकळा करून दिला अशी समजूत पसरू दिली गेली. महाल तर साठेक वर्षांपूर्वीच नगरपालिकेचा झाला होता. तिनेही इंग्रजी, गुरुमुखी आणि उर्दूत माहितीपुस्तिका छापली, खाटांवरच्या सैनिकांची चित्रपत्रं निघाली. सैनिकांना गावात मोकळं हिंडायला मात्र बंधनं होती. हिंदुस्थानी घुमटांवर हौसेने खर्च करणाऱ्या सत्तेला हिंदुस्थानी माणूस रस्त्यावर मोकळा फिरलेला नको होता, हे जास्त खुपतं.

मरण पावलेल्या हिंदू आणि शीख सैनिकांपैकी 53 जणांना गावाबाहेर पॅचमच्या टेकडीवर अग्नी दिला गेला. तिथे उभारलेल्या पांढऱ्या संगमरवरी छत्रीचा आराखडा मुंबईच्या ई. सी. हेन्रिक्स या तरुण वास्तुविशारदाचा. 1 फेब्रुवारी 1921 ला तिचं अनावरण झालं. दुकानांच्या नकाशात ती नसते, बस दारापर्यंत जात नाही, शेवटची वाट पायीच चढावी लागते. ब्रायटनला जाणाऱ्याने लेन्समधल्या खरेदीतून दोन-तीन तास वाचवावेत आणि तिथे जाऊन यावं.