बढतीनंतरचा पहिला मोसम : पाठीराख्यांच्या अपेक्षांचे गणित

फुटबॉलच्या साखळी स्पर्धेत संघाला वरच्या श्रेणीत बढती मिळते, तेव्हा पाठीराख्यांच्या आनंदाला सीमा राहत नाही. मात्र जल्लोष ओसरल्यावर खरा प्रश्न उभा राहतो. कालपर्यंत जिंकण्याची सवय लागलेला हा संघ उद्या बलाढ्य प्रतिस्पर्ध्यांपुढे कितपत तग धरेल? विजेतेपदाचे स्वप्न पाहावे, की श्रेणी टिकली तरी समाधान मानावे? महाराष्ट्र आणि गोव्यातील फुटबॉलप्रेमींनी गेल्या दोन दशकांत या प्रश्नाची निरनिराळी उत्तरे अनुभवली आहेत. त्यांतील काही सुखद आहेत, तर काही चटका लावणारी.

चषकाची सवय, साखळीची ओळख

बढती आणि घसरण ही साखळी पद्धतीची देणगी होय. मराठी मुलखातील फुटबॉल मात्र दीर्घकाळ चषक स्पर्धांवर पोसला गेला. मुंबईत १८९१ साली सुरू झालेला रोव्हर्स चषक हे त्याचे ठळक उदाहरण. कूपरेज मैदानावर रंगणाऱ्या या स्पर्धेत हैदराबाद सिटी पोलीस संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे बाजी मारली. नांदेड जिल्हा आणि त्यातील उमरी परिसर त्या वेळी हैदराबाद राज्यातच होता. त्यामुळे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांचा तो संघ मराठवाड्याच्या दृष्टीने आपल्याच राज्याचा संघ ठरतो. याच रहीम यांच्या मार्गदर्शनाखाली भारताने १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक आणि १९६२ च्या जाकार्ता आशियाई क्रीडा स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले.

चषक स्पर्धेत एका चांगल्या दिवशी दुबळा संघही बलाढ्यांना धूळ चारू शकतो. एक पराभव झाला की मोहीम संपते, पण त्याची शिक्षा पुढच्या वर्षी भोगावी लागत नाही. साखळीचा न्याय वेगळा आहे. तेथे महिनोन्महिने खेळावे लागते, प्रत्येक संघाशी घरच्या आणि परक्या मैदानावर गाठ पडते आणि शेवटी गुणतक्ता खरे काय ते सांगतो. चषकावर वाढलेल्या प्रेक्षकाला साखळीतील संयम शिकायला वेळ लागतो, आणि अपेक्षांचा घोळ बहुधा येथूनच सुरू होतो.

देशात राष्ट्रीय फुटबॉल लीग १९९६ साली सुरू झाली. मुंबईच्या महिंद्र युनायटेडने २००५-०६ मध्ये तिचे विजेतेपद पटकावले. २००७ मध्ये या स्पर्धेची जागा आय-लीगने घेतली. पहिल्या मोसमात दहा संघ होते. पुढच्या मोसमात ही संख्या बारा झाली आणि २००९-१० मध्ये चौदा. या विस्तारामुळे वर जाण्याची दारे काहीशी रुंद झाली आणि त्याचा लाभ मुंबई, पुणे व गोव्याला मिळाला.

मुंबई एफसी : टिकून राहण्याची कला

२००७ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई एफसीने दुसऱ्या श्रेणीची स्पर्धा जिंकून २००८-०९ च्या मोसमात आय-लीगमध्ये पाऊल ठेवले. २००९ मध्ये याच संघाचे माजी खेळाडू खालिद जमील यांच्याकडे प्रशिक्षकपद आले आणि ते २०१६ पर्यंत त्यांच्याकडे राहिले. या काळात संघाने विजेतेपदाच्या शर्यतीत कधी मोठी झेप घेतली नाही, पण श्रेणीही गमावली नाही. कूपरेजच्या नूतनीकरणाच्या काळात तर मुंबईच्या या संघाला आपले ‘घरचे’ सामने पुण्याच्या बालेवाडीत खेळावे लागले.

अशा संघाचा पाठीराखा विजयापेक्षा बरोबरीची किंमत अधिक ओळखतो. कोलकाता किंवा गोव्याच्या मातब्बर संघाला गोलशून्य बरोबरीत रोखले, तर तो एक गुण मोसमाच्या शेवटी मोलाचा ठरतो. बाहेरच्याला कंटाळवाणा वाटणारा बचावात्मक खेळ हीच त्याची मिळकत असते. जमील यांनी संघ सोडल्यानंतरच्या पहिल्याच मोसमात, म्हणजे २०१६-१७ मध्ये, मुंबई एफसी तळाला राहिली व खाली घसरली. त्यानंतर हा क्लब पुन्हा उभा राहिला नाही.

पुणे एफसी आणि दुसरे वर्ष

पुणे एफसीची कथा याच्या उलट आहे. हा क्लबही २००७ मधलाच. २००९ मध्ये साळगावकर, विवा केरळ आणि शिलाँग लाजाँग यांच्यासह त्याला बढती मिळाली. आय-लीगमधील पदार्पणाच्याच मोसमात, २००९-१० मध्ये, पुण्याने धेंपो आणि चर्चिल ब्रदर्स या गोव्याच्या संघांपाठोपाठ तिसरा क्रमांक मिळवला. त्याच मोसमात बढतीतील सोबती शिलाँग लाजाँग मात्र खाली गेला. एकाच जिन्याने वर चढलेल्या दोन संघांची अवघ्या वर्षात अशी फारकत झाली.

पदार्पणात तिसरे स्थान मिळाल्यावर पुढच्या वर्षी पहिले किंवा दुसरे स्थान मिळेल, असे वाटणे स्वाभाविक होते. प्रत्यक्षात त्यानंतरचे सलग दोन मोसम पुण्याला पहिल्या तिघांतही स्थान मिळाले नाही. नवख्या संघाला पहिल्या वर्षी प्रतिस्पर्धी पुरते ओळखत नाहीत. त्याच्या चाली अपरिचित असतात आणि त्याच्याविरुद्ध बडे संघ थोडे गाफील राहतात. दुसऱ्या वर्षी हा फायदा उरत नाही. चांगल्या खेळाडूंवर इतर क्लबांची नजर पडते ती वेगळीच. म्हणूनच फुटबॉलमध्ये बढतीनंतरचे दुसरे वर्ष अधिक कठीण मानले जाते. पुण्याने धीर धरला आणि २०१२-१३ मध्ये उपविजेतेपद मिळवले. पाठीराख्यांनी ज्या यशाची अपेक्षा दुसऱ्या वर्षी केली असेल, ते चौथ्या वर्षी आले.

साळगावकर आणि ऐजॉल : अपवाद खरे, पण अपवादच

बढती मिळालेला संघ थेट शिखर गाठूच शकत नाही, असे मात्र नाही. गोव्याचा साळगावकर हा मुळात राष्ट्रीय लीगचा १९९८-९९ चा विजेता. आय-लीगच्या पहिल्याच मोसमात, २००७-०८ मध्ये, त्याच्यावर घसरणीची वेळ आली. २००९ मध्ये तो परतला आणि २०१०-११ मध्ये प्रशिक्षक करीम बेंचरिफा यांच्या मार्गदर्शनाखाली चक्क आय-लीगचा विजेता ठरला.

त्याहून नवलाची गोष्ट मिझोरामच्या ऐजॉल एफसीची. २०१५ मध्ये बढती मिळालेला हा संघ २०१५-१६ मध्ये घसरणीच्या स्थानावर राहिला. गोव्याच्या क्लबांनी माघार घेतल्यामुळे त्याला श्रेणीत पुन्हा स्थान मिळाले. २०१६-१७ मध्ये त्याच ऐजॉलने मोहन बागानला एका गुणाने मागे टाकून विजेतेपद पटकावले. त्याचे प्रशिक्षक होते मुंबई एफसी सोडून गेलेले खालिद जमील. ज्या मोसमात ऐजॉल शिखरावर पोहोचले, त्याच मोसमात मुंबई एफसी तळाला गेली. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये जमील यांची भारतीय संघाच्या मुख्य प्रशिक्षकपदी नियुक्ती झाली.

या दोन्ही यशांमागे काही कारणे होती. साळगावकरकडे अनेक दशकांची परंपरा आणि पायाभूत व्यवस्था होती. ऐजॉलमागे फुटबॉलवेडे राज्य आणि स्थानिक खेळाडूंची भक्कम फळी होती. पाठीराख्यांनी चमत्काराची आशा जरूर बाळगावी. आपल्या क्लबाजवळ यांपैकी काय आहे, हेही त्याच वेळी तपासून पाहावे.

इंग्लंडचे आकडे काय सांगतात?

दूरचित्रवाणीमुळे इंग्लंडची प्रीमियर लीग शहरी मराठी घरांत पोहोचली आहे. तेथील २०२३ ते २०२५ या काळातील चित्र बढतीप्राप्त संघांसाठी कठोर होते. २०२३-२४ मध्ये बर्नली, शेफील्ड युनायटेड आणि लुटन हे तिन्ही नवे संघ एकाच वर्षात परत खाली गेले. बर्नलीने त्याआधीच्या मोसमात खालच्या श्रेणीत तब्बल १०१ गुण मिळवले होते. वर आल्यावर त्याला केवळ २४ गुण मिळाले. शेफील्ड युनायटेडने ३८ सामन्यांत १०४ गोल स्वीकारले. २०२४-२५ मध्ये लिस्टर, इप्सविच आणि साउदॅम्प्टन यांचीही तीच गत झाली. साउदॅम्प्टनची झोळी १२ गुणांवरच थांबली.

याच देशात इप्सविचने १९६१-६२ मध्ये आणि नॉटिंगहॅम फॉरेस्टने १९७७-७८ मध्ये बढतीनंतरच्या पहिल्याच मोसमात विजेतेपद मिळवले होते. जर्मनीत कैसर्सलाउटर्नने १९९७-९८ मध्ये हाच पराक्रम केला. मात्र त्यानंतर श्रेणींमधील आर्थिक दरी बरीच रुंदावली. वरच्या श्रेणीतील प्रसारण हक्कांचा पैसा वर्षानुवर्षे मिळवणारे क्लब आणि नव्याने आलेले क्लब यांच्या खेळाडूंच्या दर्जातच फरक पडतो. खालच्या श्रेणीतील गुणसंख्या त्यामुळे वरच्या श्रेणीतील यशाची हमी देत नाही.

अपेक्षा कशा मोजाव्यात?

विजयाला तीन आणि बरोबरीला एक गुण या पद्धतीत नव्या संघाच्या पाठीराख्याने सामन्यामागे साधारण एक गुण हे पहिले उद्दिष्ट मानणे व्यवहार्य ठरते. एवढी सरासरी राखणारा संघ बहुतेक वेळा घसरणीपासून बचावतो. घरच्या मैदानावर समतुल्य संघांना हरवणे आणि परक्या मैदानावर अधूनमधून बरोबरी साधणे एवढ्याने हे गणित जमते. बलाढ्य संघांकडून होणारे पराभव या हिशेबात आधीच धरलेले असतात. म्हणून त्यांचे दुःख फार करू नये. तळातल्या प्रतिस्पर्ध्याकडून घरच्या मैदानावर झालेला पराभव मात्र गंभीर समजावा.

पहिल्या चार-पाच सामन्यांवरून निष्कर्ष काढणेही धोक्याचे असते. सुरुवातीलाच तीन बलाढ्य संघांशी गाठ पडली, तर तक्ता वाईट दिसतो. सोपे सामने आधी आले, तर उगाच हुरूप चढतो. प्रत्येक प्रतिस्पर्ध्याशी एकदा खेळून झाल्यावर, म्हणजे मोसमाच्या मध्यावर, येणारे चित्र अधिक विश्वासार्ह असते. गोलफरकाकडेही लक्ष ठेवावे. एका गोलाने हरणारा संघ सुधारू शकतो. तीन-चार गोलांनी वारंवार हरणाऱ्या संघाच्या बचावफळीतच दोष असतो.

भारतात आणखी एक बाब ध्यानात घ्यावी लागते. आय-लीगच्या सुरुवातीच्या वर्षांत दुसऱ्या श्रेणीची स्पर्धा गटवार आणि थोड्या काळात उरकली जात असे. काही आठवड्यांचा बहर बढतीला पुरेसा होता. वरच्या श्रेणीत मात्र अनेक महिने प्रवास, दुखापती आणि निलंबने सोसावी लागत. अकरा चांगल्या खेळाडूंवर बढती मिळे. श्रेणी टिकवण्यासाठी वीस-बावीस लागत.

घसरणीपेक्षा मोठे संकट

मराठी पाठीराख्याच्या वाट्याला आलेला सर्वांत कटू धडा मात्र गुणतक्त्याबाहेरचा आहे. महिंद्र युनायटेड २०१० मध्ये बंद झाला. तेव्हा त्याची श्रेणी शाबूत होती, पण मालक कंपनीचा निर्णय झाला होता. मुंबईच्याच ओएनजीसी संघाने २०१० मध्ये बढती, २०११ मध्ये घसरण आणि २०१२ मध्ये पुन्हा बढती असा प्रवास केला. २०१३ मध्ये एअर इंडियाबरोबर त्यालाही क्लब परवान्याचे निकष पूर्ण न केल्यामुळे आय-लीगबाहेर व्हावे लागले. पुणे एफसीने २०१५ नंतर गाशा गुंडाळला. मुंबईच्या केंकरे क्लबला २०२२-२३ अखेर खाली यावे लागले. गोव्याचा पाच वेळचा राष्ट्रीय विजेता धेंपो २०१५ मध्ये घसरला, २०१६ मध्ये दुसरी श्रेणी जिंकून बढतीस पात्र ठरला आणि स्पर्धेच्या नियोजित फेररचनेवरून साळगावकर व स्पोर्टिंग यांच्यासह बाहेर पडला. तो आय-लीगमध्ये परतला तो थेट २०२४-२५ मध्ये.

आशियाई फुटबॉल महासंघाच्या परवाना पद्धतीत क्लबांची तपासणी क्रीडाविषयक, पायाभूत सुविधा, कर्मचारी व प्रशासन, कायदेशीर आणि आर्थिक अशा पाच अंगांनी होते. युवा संघ आहे का, मैदान कोणाचे, हिशेब तपासलेले आहेत का, या प्रश्नांची उत्तरे आघाडीपटूच्या गोलसंख्येइतकीच महत्त्वाची असतात. बढती मिळालेल्या क्लबाच्या पाठीराख्यांनी व्यवस्थापनाला हेच प्रश्न विचारले पाहिजेत. घसरलेला संघ दोन वर्षांनी परत येऊ शकतो. बंद पडलेला संघ सहसा येत नाही, आणि मग त्याच्या रंगाचे सदरे कपाटातच राहतात.

२०२२-२३ पासून आय-लीगच्या विजेत्याला इंडियन सुपर लीगचे दार उघडले. त्या मोसमाचा विजेता पंजाबचा संघ वर जाऊन २०२३-२४ मध्ये आठवा आला. त्यापाठोपाठ गेलेला कोलकात्याचा मोहमेडन स्पोर्टिंग २०२४-२५ मध्ये शेवटच्या स्थानावर राहिला. म्हणजे नव्या रचनेतही जुनाच अनुभव आला.

नांदेड-लातूर पट्ट्यातील फुटबॉलप्रेमीची अडचण याहून वेगळी आहे. उमरीहून मुंबईत सामना पाहायला जायचे, तर देवगिरी एक्स्प्रेसने रात्रभराचा प्रवास करावा लागतो. त्यामुळे येथील चाहता पडद्यावर पाहिलेल्या संघांशी नाते जोडतो. परदेशातील संघ घसरला तरी तेथे शतकभराची संस्था मागे उभी असते. आपल्याकडे ती संस्थाच उभी करायची आहे. म्हणून मराठी पाठीराख्याने बढतीनंतरच्या पहिल्या वर्षी तीनच गोष्टी मागाव्यात. संघाने श्रेणी टिकवावी, निदान झुंज तरी द्यावी. क्लबाने कनिष्ठ गटातील मुलांना वर आणावे. आणि पुढच्या मोसमाच्या पहिल्या दिवशी, श्रेणी कोणतीही असो, त्या संघाने मैदानात उतरावे.