भिंग, दिवा आणि भिंत

व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस बोलावले तेव्हा आम्ही जिल्ह्यातील बिडी कामगारांच्या चळवळीवर बोलू अशी त्यांची अपेक्षा असावी. ती अपेक्षा आम्ही शेवटी थोडीशी पुरी करणार आहोत. पण श्रोतेहो, आज या टेबलावर जी लाकडी पेटी मांडली आहे तिचा इतिहास आधी सांगावासा वाटतो. पेटी आमच्या युनियनच्या कचेरीतली आहे. आत एक दिवा, एक पंखा, एक मोठे भिंग आणि एका भंगारात गेलेल्या संगणकाचा मॉनिटर उघडून काढलेली काच आहे. तिने भिंतीवर चित्र पडते. बाजारात मिळणाऱ्या प्रोजेक्टरपुढे ती काहीच नाही, हे आम्ही आधीच कबूल करतो.

परंतु अशी पेटी घरी करण्याचा उद्योग आपल्या मुलखात नवा नाही. युरोपात सतराव्या शतकात डच शास्त्रज्ञ हायगेन्स याने जादूचा कंदील तयार केला असे मानतात. आपल्याकडे त्या कंदिलाला खरा मान मिळवून दिला तो कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी. मदनराव पितळे या मित्राच्या साहाय्याने पटवर्धनांनी कंदिलाचे प्रयोग आरंभले आणि 1892 च्या सुमारास ते लोकांपुढे आणले. नाव ठेवले 'शांबरिक खरोलिका'. शंबरासुर हा मायावी, म्हणून शांबरिक म्हणजे मायेचा, आणि खरोलिका म्हणजे दिवा. काचेच्या लहान लहान पट्ट्यांवर हाताने रंगविलेली चित्रे, रामायण-महाभारतातील प्रसंग, हरिश्चंद्राची कथा, सर्कशीतले खेळ. काचा भराभर बदलून आणि एका चित्रावर दुसरे चित्र आणून पात्रे हलल्याचा भास ते उत्पन्न करीत. सोबत निवेदन आणि संगीत. मुंबईत वॉटसन हॉटेलात ल्यूमिएर बंधूंचा सिनेमा दाखविला गेला तो 7 जुलै 1896 रोजी. म्हणजे त्याच्याही आधी चार वर्षे कल्याणच्या एका घरात मंडळी काचेवर बारीक कुंचल्याने रावण रंगवीत बसली होती.

त्या कुंचल्याच्या कामाचा विचार जरूर करावा. काचेवर चुकून केसभर रेघ वाकडी गेली तर भिंतीवर ती बोटाएवढी वाकडी दिसते. भिंग चूक लपवीत नाही, उलट मोठी करून दाखविते. शिवाय भिंगातून चित्र उलटे पडते म्हणून काच उलटी लावावयाची. आमच्या या पेटीतही मॉनिटरची काच खाली डोके वर पाय अशीच बसविली आहे. पहिल्या दिवशी आम्ही ती सुलटी बसविली होती, आणि भिंतीवर संगणकाची सारी अक्षरे शीर्षासन करून उभी राहिली.

पुढचा प्रसंग दादासाहेब फाळके यांचा. 1911 साली मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट त्यांनी पाहिला, 1912 साली विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून ते विलायतेस गेले, आणि 3 मे 1913 रोजी कॉरोनेशन थिएटरात 'राजा हरिश्चंद्र' लागला, हे सर्वांस पाठ आहे. या दोन टोकांच्या मधली एक गोष्ट मात्र पुष्कळदा घाईने सांगितली जाते. फाळक्यांनी एक लहानसे यंत्र आणि काही फिल्मच्या गुंडाळ्या मिळविल्या, आणि रात्री मेणबत्तीचा उजेड बहिर्गोल भिंगातून सोडून ते घरच्या भिंतीवर चित्रे पाहू लागले. मेणबत्ती, भिंग आणि भिंत. याहून गरीब प्रोजेक्टर कोणता असणार? दिवसाचे चार-चार, पाच-पाच तास ते चित्रपट पाहत. झोप नाही, चिंता अखंड. शेवटी डोळ्यांवर असा परिणाम झाला की दिसेनासे झाले. डॉ. प्रभाकर नावाच्या नेत्रवैद्यांच्या उपचाराने दृष्टी परत आली, तीही तीन-चार चष्म्यांच्या आधाराने.

आणि सरस्वतीबाई! विलायतेहून आलेल्या कोऱ्या फिल्मला कडेची भोके नसत. ती अंधारात बसून पाडावी लागत. दिवसा घरच्या माणसांचा स्वयंपाक आणि रात्री हे काम. आम्ही आयुष्यभर कामाचे तास मोजण्याचा धंदा केला, म्हणून असेल कदाचित, पण 'राजा हरिश्चंद्र'चे नाव निघाले की आमच्या डोळ्यांपुढे पडदा येत नाही, ती अंधारातली भोके येतात. त्या तासांची हजेरी कोणत्या वहीत मांडली गेली?

तिसरे नाव कोल्हापूरचे. बाबूराव पेंटर यांचे मूळ आडनाव मेस्त्री, आणि ते नुसते आडनाव नव्हते. वडील कृष्णराव हे लाकूड, दगड, हस्तिदंत, लोखंड असल्या कोणत्याही पदार्थात हात चालणारे कारागीर. बाबूराव आणि त्यांचे चुलतबंधू आनंदराव यांना शाळेचे शिक्षण बेताचेच. नाटकांचे पडदे रंगवून त्यांनी नाव मिळविले. चित्रपट पाहून वेड लागले तेव्हा त्यांनी चित्र दाखविण्याचे एक जुने यंत्र मिळविले आणि ते उघडून पाहिले. फिल्म एक घर पुढे सरकते, क्षणभर थांबते, झडप उघडते, मिटते. दाखविण्याचे यंत्र आणि टिपण्याचे यंत्र यांचा जीव एकच आहे, हे त्यांच्या कारागीर नजरेने ओळखले. 1916 साली आनंदराव वारले. काम अर्धवट राहिले असते. पण बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरून 1918 साली कॅमेरा पुरा केला, आणि त्याच्या बळावर महाराष्ट्र फिल्म कंपनीची 'सैरंध्री' 1920 साली पडद्यावर आली. परक्या यंत्राच्या पोटात हात घालण्यास धैर्य लागते. ज्याच्या घरी किकरे-करवत आहे त्याला ते थोडे सोपे जाते इतकेच.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. दिवाळीनंतर मंडईचे दिवस सुरू झाले की गावोगाव दंडार, खडी गंमत, नाटके होतात, हे तुम्हांस सांगावयास नको. आमच्या लहानपणी एखाद्या मोठ्या मंडईत तंबूचा सिनेमाही येत असे. आमची आई हजारीवर बिडी वळीत असे आणि आम्ही दोरा गुंडाळीत असू. छाट निघाली तर त्या दिवशी सिनेमा नाही, असा साधा हिशेब होता. तिकिटाला पैसे नसत तेव्हा आम्ही तंबूमागे ऑपरेटरपाशी उभे राहत असू. तेथे पडदा दिसत नसे, पण यंत्र दिसे. दोन कार्बनच्या कांड्यांच्या मध्ये पेटलेली ती पांढरी ठिणगी, आणि ती विझू नये म्हणून पुन्हा पुन्हा कांड्या जवळ सारणारा घामाघूम माणूस. आमचे शालेय शिक्षण सातवीत थांबले. प्रकाशशास्त्राचा पहिला धडा आम्ही त्या माणसापाशी घेतला, आणि तो असा की चित्र दाखविणाऱ्याचे खरे भांडण उष्णतेशी असते.

हाच धडा पुढे तीस वर्षांनी आमच्या कामी आला. 2008 साली एका कचेरीने जुने मॉनिटर काढून टाकले, त्यांतला एक पंधरा इंची आमच्याकडे आला. एका कामगार बहिणीचा मुलगा आयटीआयमध्ये शिकत होता. तो म्हणाला, "काका, याची मागची बत्ती काढली तर ही काच म्हणजे मोठी स्लाइडच आहे." आणि ते खरे होते. या काचेत दोन पातळ काचांच्या मध्ये द्रव स्फटिकाचा थर असतो. विजेच्या इशाऱ्याने तो जागोजागी प्रकाश अडवितो किंवा जाऊ देतो. पटवर्धनांच्या काचेवर चित्र एकदा रंगले की कायमचे. या काचेवर ते सेकंदाला साठ वेळा नव्याने रंगते.

द्रव स्फटिकांची कथा मोठी गमतीची आहे. 1888 साली प्रागमध्ये राइनिट्झर नावाचा वनस्पतिशास्त्रज्ञ कोलेस्टेरॉलचा एक पदार्थ तापवीत होता. 145.5 अंशांवर तो वितळला, पण गढूळ झाला. 178.5 अंशांवर तो एकाएकी स्वच्छ झाला. एकाच पदार्थाला दोन वितळणबिंदू! मधल्या अवस्थेत तो पाण्यासारखा वाहतो, पण त्याचे कण कवायतीतल्या शिपायांसारखे एका दिशेने उभे असतात. फार तापला की कवायत मोडते. या विद्येत आपल्या बाजूचाही एक धागा आहे. रामन यांचे भाचे शिवरामकृष्ण चंद्रशेखर हे 1951 साली नागपूर विद्यापीठातून एम.एस्सी. झाले. त्या काळी आपला भंडारा आणि नागपूर दोन्ही मध्य प्रदेशात होते. पुढे 1977 साली बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेत त्यांनी सहकाऱ्यांसह तबकडीच्या आकाराच्या कणांचे द्रव स्फटिक शोधून काढले. मॉनिटरकडे बाजूने पाहिले तरी चित्र दिसावे म्हणून जो पातळ पापुद्रा लावतात त्यात पुढे असल्या द्रव्यांचा उपयोग झाला.

तर आम्ही मॉनिटर उघडला. मागच्या बारीक नळ्या पाऱ्याच्या असतात, त्या न फोडता बाजूस ठेवल्या. काचेच्या कडेला चिकटलेल्या पातळ फिती तुटल्या तर काच मेली, म्हणून मुलाने श्वास रोखून मंडल उलगडून मागे वळविले. दिव्याचा प्रश्न एका संस्थेने टाकून दिलेल्या ओव्हरहेड प्रोजेक्टरने सोडविला. त्याच्या सपाट काचेवर आमची काच नुसती ठेवावयाची. ती थोडी रुंद निघाली, दोन्ही कडांना अर्ध्या बोटाएवढे चित्र कापले जाई. सात फुटांवरच्या भिंतीवर सहा फुटी चित्र पडले. पण फिकट! लांबी सहापट झाली की क्षेत्र छत्तीसपट होते आणि तेवढाच उजेड तेवढ्या जागेत वाटला जातो. त्यात ही काच स्वतःच शंभरांतले दहा भागही पलीकडे जाऊ देत नाही. उरलेले सारे काचेतच उष्णता होऊन बसते. एकट्या दिव्याला अडीचशे वॅट लागत, आणि भारनियमनाच्या त्या दिवसांत मंडपवाल्याचे जनरेटर मागून आणल्याशिवाय गत्यंतर नसे.

एवढा खटाटोप सिनेमासाठी नव्हता. 1966 च्या बिडी कायद्याने कामगारांना काही हक्क दिले आणि 1977 साली भविष्यनिर्वाह निधी या धंद्यास लागू झाला. पण फंडाची चिठ्ठी म्हणजे बोटभर कागदावर मुंगीसारखी अक्षरे. बायका ती डब्यात, तांदळाच्या कणगीत जपून ठेवीत, वाचीत मात्र नसत. आम्ही प्रत्येकीला वेगळे वाचून दाखविले की ती मान हलवी आणि घरी जाई. प्रत्येकीला वाटे, आपलीच काही चूक असेल. म्हणून त्यांना विचारून आम्ही चिठ्ठ्यांचे फोटो काढले आणि तुमसर तालुक्यातील एका गावी समाजमंदिराच्या चुन्याच्या भिंतीवर ते लावण्याचे ठरविले.

दोनशेवर माणूस जमले. पहिल्या पाच चिठ्ठ्या ठीक गेल्या. सहावीच्या वेळी भिंतीच्या मधोमध एक काळा डाग उगवला आणि पसरू लागला. लोकांना वाटले कागद जळाला. मुलगा घाबरला. आम्ही दिवा बंद केला आणि हातपंख्याने काचेला वारा घालू लागलो. डाग हळूहळू विरून गेला. प्रागच्या त्या माणसाने जे पाहिले तेच आम्ही समाजमंदिरात पाहिले, कवायत मोडली आणि थंड होताच पुन्हा उभी राहिली. मग आम्ही प्रत्येक चिठ्ठीनंतर दिवा विझवून पाच मिनिटे थांबू लागलो. त्या पाच मिनिटांचा एक लाभ झाला जो आमच्या ध्यानीमनी नव्हता. अंधारात माणसे बोलू लागली.

एका म्हाताऱ्या बाईचे नाव भिंतीवर हातभर उंच उमटले होते. त्या उठून भिंतीजवळ गेल्या. त्यांची सावली अक्षरांवर पडली तशा त्या बाजूला झाल्या आणि बोट लावून म्हणाल्या, "हे तं माहंच नाव होय ना, बाबू? अन् इथं रिकामं काहून?" मालकाच्या हिश्शाच्या रकान्यात दोन वर्षे काहीही नव्हते. दिवा विझला. अंधारातून दुसरी म्हणाली, माझंही तसंच. मग तिसरी. आपली एकटीची चूक नाही, हे त्या रात्री पहिल्यांदा सर्वांना एकदम दिसले.

त्या गावातून एकोणचाळीस अर्ज झाले. बऱ्याच जणींच्या नोंदी दुरुस्त झाल्या, त्याला तीन वर्षे लागली. काहींचे वय आणि नाव यांचा मेळ न बसल्याने प्रकरणे अडली ती अडलीच. त्या म्हाताऱ्या बाईंचे पैसे आले ते त्यांच्या सुनेच्या हाती.

ती पहिली काच दुसऱ्या उन्हाळ्यात कायमची पिवळी पडली. तिच्यावरचा ध्रुवण करणारा पापुद्राच करपला होता, त्याला थंड करून उपयोग नव्हता. ही समोरची पेटी दुसरी. गावच्या सुताराने ती 2013 साली सागवानी फळ्यांची केली. दिवा एलईडीचा आहे, तो कमी तापतो. ज्या मुलाने पहिली काच उघडली तो आता पुण्यास नोकरीला आहे. सभागृहाचे दिवे मालवले तर पंखा गरगरू लागेल आणि मागच्या भिंतीवर एक चिठ्ठी दिसेल. नाव आम्ही झाकले आहे. रकाना मात्र तसाच ठेवला आहे.