वाशीमच्या बंबातले सरपण

वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेची राजधानी म्हणून वाशीमची कीर्ती सर्वश्रुत आहे. परंतु या नगरीच्या भोवतालच्या खेड्यांतील रयत आपले आंघोळीचे पाणी कशावर तापवीत आली, हा प्रश्न मला राजवंशांच्या वंशावळीइतकाच महत्त्वाचा वाटतो, कारण त्याचे उत्तर थेट इथल्या शेतात सापडते.

१८५३ च्या तहाने निजामाकडील वऱ्हाड इंग्रजांच्या अमलाखाली आले, आणि पुढे १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवीमुळे विलायतेच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला, तेव्हा वऱ्हाडच्या काळ्या जमिनीतील कापसाला अपूर्व भाव आला. रुईचा हिशेब व्यापाऱ्यांच्या वह्यांत आणि सरकारी दफ्तरांत राहिला. शेतात उभी राहिलेली पऱ्हाटी मात्र घरधन्याचीच. शेवटचा वेचा आटोपला की ती उपटावी, बंडीत भरून घरामागे रचावी, आणि पावसाळाभर चुलीला व बंबाला पुरवावी, असा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालला. तांब्याच्या बंबाच्या मधल्या नळकांड्यात पऱ्हाटीची मोडकी कांडे वरून सोडली की तिला चिकटून राहिलेली वाळकी बोंडे तडतडून पेटत, खालच्या जाळीतून वारा ओढला जाई, आणि भोवतालचे पाणी पाहता पाहता कढत होई. उरलेल्या राखेने भांडी घासली जात. दरसाल नव्याने उगवणारे आणि कुऱ्हाडीवाचून मिळणारे हे सरपण होते, आणि त्याची थोरवी आपण फार उशिरा ओळखली.

त्याच शतकात मुंबईस विल्यम ॲडम्स नावाच्या इंग्रज अंमलदाराने, उष्ण देशांतील लाकूडफाट्याची टंचाई पाहून, आरशांनी ऊन एकवटून पाणी उकळण्याचे प्रयोग केले व १८७८ साली त्यांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. पण ज्या मुलखात ऊन मुबलक, त्या वऱ्हाडच्या न्हाणीपर्यंत ती विद्या पोहोचावयास शंभर वर्षांहून अधिक काळ जावा लागला.

मधल्या काळात पीकच पालटले. सोयाबीनने कापसाची जागा घेतली, आणि त्याचे कुटार भप्पकन पेटून विझणारे, बंबाला निरुपयोगी; आंतरपिकातल्या तुराट्यांनी तेवढा आधार दिला. गॅस आला, विजेचा रॉड आला, आणि १९८५ साली स्थापन झालेल्या महाऊर्जेसारख्या संस्थांच्या प्रयत्नांनी सौरबंबही आला, ज्यात काचेखालच्या काळ्या पत्र्यावर तापलेले पाणी हलके होऊन, पंपावाचून, आपोआप वरच्या टाकीत चढते. योजना सुंदर आहे. परंतु तिला पक्के छत हवे आणि त्याहून उंचावर थंड पाण्याची भरलेली टाकी हवी. ज्या घरावर टिनाचे छप्पर आहे आणि जिथे पाणी अजून डोक्यावरून आणावे लागते, तिथल्या गृहिणीला सूर्याची ही उष्णता द्यावयाची तर नळाची व्यवस्था आधी करावी लागेल, आणि तोवर तिचा भरवसा तुराटीवरच राहणार.